परकोट्यातली घरं, सिविल लाइन्सचे बंगले

महाराष्ट्रातून झाशीला येणारा पाहुणा बहुधा सिविल लाइन्समध्ये उतरतो. स्टेशन जवळ, हॉटेलं इथेच, आणि इलाइट चौराह्यावर रिक्षा हमखास मिळते. सकाळी किल्ला, दुपारी राणीमहाल, संध्याकाळी ओरछा. ज्या वस्तीत रात्र काढली ती बघायची असते हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. साहजिकच आहे. कचेऱ्या, दवाखाने, कोचिंग क्लासच्या पाट्या, एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात उभं राहिलेलं लग्नकार्यालय: उत्तरेतल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी सिविल लाइन्स अशीच दिसते. पण झाशीत घर कोणाचं, जमीन कोणाची, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. राणी लक्ष्मीबाईच्या तोंडी ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ हे जे प्रसिद्ध वाक्य आपण घालतो, तेही शेवटी मालकीहक्काबद्दलचंच आहे.

किल्ल्याच्या टेकडीला शहराने तीन बाजूंनी वेढलं आहे. पश्चिमेची बाजू मोकळी राहिली आणि तिकडे पुढे इंग्रजांची वस्ती, म्हणजे आजची सिविल लाइन्स, पसरली. शहर वसवलं ते नारोशंकरांनी. नाशिकच्या घंटेमुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते नारोशंकर. १७४२ नंतर त्यांनी किल्ला वाढवला आणि पायथ्याशी माणसं आणून वसवली. पुढे नेवाळकरांच्या, म्हणजे राणीच्या सासरच्या घराण्याच्या काळात शहराला तट पडला. त्याचे दहा दरवाजे: खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर, झिरना. तटाच्या आतल्या भागाला लोक अजून परकोटा म्हणतात. इथली जुनी घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून उभी आहेत. दारातून आत गेलं की पौर, म्हणजे आपली ओसरी आणि देवडी यांच्या मधलं काहीतरी, मग चौक, आणि वर अटारी. एकाचं गटार दुसऱ्याच्या पायरीखालून जातं आणि एकाच्या गच्चीवरून दुसऱ्याच्या गच्चीवर पाय टाकता येतो.

२१ नोव्हेंबर १८५३ ला राणीचे पती, राजे गंगाधरराव गेले. त्याच्या आदल्या दिवशी दामोदररावाचं दत्तकविधान झालं होतं. गव्हर्नर-जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, पण त्या निर्णयात एक बारीक कायदेशीर मेख होती. दत्तक मुलगा राज्याचा वारस नाही, पण नवऱ्याच्या खासगी मालमत्तेचा वारस आहे, असं सरकारने ठरवलं. म्हणजे एकच दत्तकविधान घरापुरतं खरं आणि गादीपुरतं खोटं! राणीला किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात यावं लागलं. दामोदररावाच्या नावचे सुमारे सहा लाख रुपये सरकारने स्वतःकडे ठेवून घेतले. त्याच्या मुंजीसाठी त्यातलेच एक लाख हवे होते, तर राणीला जामीनदार द्यावे लागले. १८५७ च्या बंडानंतर ती रक्कम त्याला कधीच मिळाली नाही. तो इंदूरला वाढला आणि वंशजांनी ‘झाशीवाले’ हे आडनाव लावलं. गाव गेलं, आडनावात तेवढं उरलं.

एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज तट चढून आत आली, तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये लढाईपेक्षा घरांची हकिकत जास्त अंगावर येते. लूट एकदम झाली नाही, टप्प्याटप्प्याने झाली. आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. हलवाईपुऱ्यात आगी लागल्या, राणीचा ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला. राणीचे वडील मोरोपंत तांबे यांना जोखनबागेत फाशी दिलं. १८५७ च्या जूनमध्ये जिथे इंग्रज कुटुंबांची कत्तल झाली होती, तीच ही जागा. आजच्या सिविल लाइन्सला ती अगदी लागून आहे.

यानंतरचा भाग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देऊन टाकला आणि जिल्ह्याचं ठाणं तटाबाहेर ‘झाशी नौआबाद’ या नावाने चालवलं. पंचवीस वर्षं अशी गेली की तटाच्या आत ग्वाल्हेर संस्थान आणि बाहेर इंग्रजी जिल्हा. कलेक्टर झाशीचा, पण झाशी शहर त्याच्या हुकमतीबाहेर! १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी बदल्यात घेतली. शहराची अशी सरळ अदलाबदल झाली, आणि तटाच्या आत राहणाऱ्यांना कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. नौआबादचं नाव आजही नवाबाद पोलीस ठाण्याच्या पाटीवर आहे.

सिविल लाइन्सचा मोकळेपणा या इतिहासातून आलेला आहे. शहराशी संबंध तोडूनच ती आखली गेली. पण या रुंद आवारांची एक गंमत आहे. उत्तर प्रदेशातल्या सिविल लाइन्सप्रमाणे इथेही बरीच जमीन नझूल, म्हणजे सरकारी मालकीची आणि पट्ट्याने दिलेली. बंगला तुमचा, आमराई तुम्ही लावलेली, पण पायाखालची माती सरकारची. १९९२ पासून राज्य सरकारने पैसे भरून ती फ्रीहोल्ड करून घ्यायची सोय दिली. मग २०२४ मध्ये उलटा फेरा आला. खासगी माणसाला नझूल जमीन यापुढे मालकीने द्यायचीच नाही, असं विधेयक ३१ जुलैला विधानसभेत मंजूर झालं. सत्ताधारी पक्षाच्याच आमदारांनी विरोध केला आणि दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. ऐसपैस बंगल्यातल्या माणसाचीही झोप उडवायला एवढं पुरतं.

परकोट्यातलं दुखणं वेगळं. तिथे मालकी बहुधा वाडवडिलांची, पण वाटण्या न झालेली. चुलत्यांची, भावांची, बाहेरगावी गेलेल्यांची नावं एकाच घरावर. खालच्या दुकानात पिढीजात भाडेकरू. १९७२ चा भाडे नियंत्रण कायदा जवळजवळ पन्नास वर्षं चालला आणि २०२१ मध्ये नवा कायदा आला. मधल्या काळात दुरुस्ती कोणी करायची? भाडं नाममात्र म्हणून मालक करत नाही, घर आपलं नाही म्हणून भाडेकरू करत नाही. त्यात भर पुरातत्त्व खात्याची. किल्ला आणि राणीमहाल संरक्षित आहेत. कायद्याने स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. राणीमहालाभोवतीच्या दाट गल्ल्यांत शंभर मीटर म्हणजे किती घरं, याचा अंदाज नकाशावर येत नाही, तिथे चालल्यावर येतो. स्मारक जपायलाच हवं, यात वाद नाही. पण गळक्या अटारीवर पत्रा टाकायलाही अर्ज करावा लागणाऱ्या माणसाकडून आपण इतिहासप्रेमाची अपेक्षा जरा बेतानेच ठेवावी.

याच गल्ल्यांत मराठी घरं टिकली. १८४२ मध्ये राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर शहरातच आहे आणि भाद्रपदात तिथे गणपतीची वर्दळ असते. चंद्रशेखर आझादांचे साथीदार सदाशिवराव मलकापूरकर इथलेच. १९२९ मध्ये ते पकडले गेले भुसावळ स्टेशनवर. झाशीचे वकील रघुनाथ विनायक धुळेकर १९४६ मध्ये घटना समितीत हिंदुस्थानीतच बोलण्याचा आग्रह धरून उभे राहिले. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाने हिंदीसाठी भांडावं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला विचित्र वाटेल. परकोट्यात वाढलेल्याला वाटणार नाही.

दोन्ही वस्त्या एका सकाळीत पायी होतात. इलाइट चौराह्यावरून निघावं, जोखनबागेचं स्मारक बघावं, खंडेराव दरवाजाने आत शिरावं आणि बडा बाजारातून राणीमहालाकडे वळावं. जुन्या शहरात गाडी नेऊ नये. २८ ऑक्टोबरच्या सुमारास जात असाल तर मुक्काम आधी ठरवा. सिविल लाइन्समधल्या सेंट ज्यूड चर्चची जत्रा तेव्हा असते आणि लांबलांबून भाविक येतात.