एकोणचाळीस शिलिंग

ज्यूरी म्हणजे काय, असें वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस इतिहासाच्या तासाला विचारतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ज्यूरीस स्थान नव्हतें. तेव्हां त्यांस ती ठाऊक नसावी यांत नवल नाहीं. तिचें मर्म कळण्यास इंग्लंडांतील एक जुनी हकीकत पुरेशी आहे.

१७१३ सालीं तेथें असा कायदा झाला कीं, राहत्या घरांतून चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंड, किंवा अधिक किंमतीचा माल चोरणारास फांशी व्हावी. गुन्हा घडला कीं नाहीं आणि मालाची किंमत काय, हें ज्यूरीच्या बारा गृहस्थांनीं शपथेवर सांगावयाचें. शिक्षा न्यायाधीशानें फर्मावावयाची.

समजा, समोर एखादी पोरसवदा मोलकरीण उभी आहे. तिनें धनिणीचीं चांदीचीं भांडीं उचललीं आहेत व पुरावा चोख आहे. भांडीं दहा पौंडांचीं, हें आंधळ्यासही कळावें. अशा वेळीं ज्यूरी पुष्कळदां निकाल देई: आरोपी दोषी, परंतु मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग! एका शिलिंगानें जीव वांचे. कधीं कधीं चोरीचा ऐवज रोख पैशाचाच असे, तरी बेरीज एकोणचाळीसच भरे. (आमच्या गणिताच्या तासाला ती चालणार नाहीं.) ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानें या प्रकारास पुण्यबुद्धीची खोटी शपथ म्हटलें आहे.

ही दया आम्हांस आवडते, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ती सर्वांस सारखी मिळत नसे. एकीच्या वतीनें चार शेजारी बोलावयास येत. दुसरा परगांवचा, त्यास ओळखणारें कोणी नसे. गुन्हा तोच, कायदा तोच. एकीचा प्राण वांचे, दुसऱ्यास फांशीचा हुकूम होई. पुढें राजाकडून माफी मिळून समुद्रापार हद्दपारी होई खरी, पण ती कोणास मिळेल याचाही नेम नसे. आणि जी शिक्षा होईलच असें नाहीं, तिचा चोरास धाक तरी कितीसा वाटणार? सर सॅम्युएल रोमिली यांनीं पार्लमेंटांत हेंच परोपरीनें सांगितलें. १८१० सालीं त्यांनीं आणलेलें विधेयक मात्र नामंजूर झालें.

१८२७ सालीं मर्यादा पांच पौंडांवर नेली, तेव्हां ज्यूरींनींही आपला आंकडा वाढविला: चार पौंड एकोणीस शिलिंग! अखेर १८३२ सालीं या चोरीची फांशी रद्द झाली, आणि चांदीच्या भांड्यांची खरी किंमत कोर्टांत सांगण्यास कोणास भय उरलें नाहीं.