बंद दारामागची शिकार

उन्हाळ्यात वऱ्हाडातलं घर दुपारी बारालाच बंद होतं. पारा 45 अंशांच्या आसपास, खिडक्यांना जाड पडदे, कुलर सुरू. अमरावतीचं राजापेठ असो की अकोल्यातली जठारपेठ, फ्लॅटमधलं मांजर अशा वेळी दिवसचे दिवस चार भिंतींत काढतं. ऊन त्याला आपल्यापेक्षा बरं सोसतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं पाळीव मांजराचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात सापडल्याचं दाखवलं, आणि तो मुलूख कोरडाच. (तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठावा.) एरवी त्याला गांजतं ते रिकामपण.

जुन्या कवेलूच्या घरात ही अडचण नव्हती. माळ्यावर ज्वारी-तुरीची पोती, पोत्यांमागे उंदीर, मांजराला रात्रभर काम. आपल्या उत्तरेला मेळघाटात वाघाटी राहते. जेमतेम दीड किलोची, जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. तिची आणि सोफ्यावरच्या माऊची शिकारीची रीत एकच: दबा धरायचा, टक लावायची, झेप, पकड, चावा, खाणं, मग अंग चाटून झोप. फ्लॅटमध्ये यातल्या शेवटच्या दोन-तीनच गोष्टी उरतात. वाटी भरलेली असते, शिकार गायब. लाड कमी पडत नाहीत, कमी पडते ती ही साखळी.

याचा परिणाम शरीरावरही होतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले टोनी बफिंग्टन यांनी मांजरांच्या मूत्राशयाच्या दुखण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. जंतुसंसर्ग नाही, खडा नाही, तरी लघवीला त्रास, अशा मांजरांच्या घरातली व्यवस्था बदलल्यावर बहुतेकांचा त्रास कमी झाला. लपायला जागा, चढायला उंची, रोजचा खेळ, एवढंच. बोका पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. मूत्रमार्ग पूर्ण अडला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, दोन्ही शहरांत खासगी डॉक्टर आहेत. त्याच दिवशी न्यावं.

खेळ किती हवा? ब्रिटनमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात, बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी मालक रोज पाच-दहा मिनिटं खेळले, तेव्हा मांजरांनी घरी आणलेली शिकार चतुर्थांशानं घटली. शिकारीची ओढ खेळात खरोखर भागते, याचा मला मिळालेला हा सर्वांत ठोस पुरावा. काठीला दोरी, दोरीला पीस. ते जमिनीवरून फरफटत न्यायचं, पलंगाआड लपवायचं, थांबवायचं. तोंडासमोर नाचवलेलं पीस उंदरासारखं वागत नाही. शेवटी ते पकडू द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं. लेझरचा लाल ठिपका मी कुणालाही सुचवणार नाही. त्यात पकडच नाही, आणि 2021 च्याच एका अमेरिकी पाहणीत लेझरचा वापर जास्त तिथं सावल्यांमागे धावण्यासारख्या विचित्र सवयीही जास्त आढळल्या.

खेळणं रोज तेच असेल तर मांजर विटतं. म्हणून दोन-तीन लपवून ठेवावीत, आलटूनपालटून काढावीत. जेवण कोड्यात लपवण्याचा सल्लाही सर्रास मिळतो, पण कॅलिफोर्नियात तपासलं तेव्हा बहुतेक मांजरांनी आयती थाळीच पसंत केली. तेव्हा थोडे दाणे कागदाच्या गुंडाळीत किंवा अंड्यांच्या ट्रेमध्ये टाकून पाहावं, उपाशी मात्र ठेवू नये.

रिकामं खोकं फेकू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथं 2014 च्या अभ्यासात निवाऱ्यातल्या नव्या मांजरांना लपायला खोकं दिलं, तेव्हा ती लवकर स्थिरावली. कपाटाचा माथाही मोकळा ठेवावा. खाली पाहुण्यांची पोरं धावत असली तरी वरून सगळं न्याहाळता येतं. घरातल्या कुंड्यांकडेही लक्ष हवं: मनीप्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते, आणि लिली तर घरात आणूच नये. तिचे परागकणसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतात.

मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला जागं होणारं. वऱ्हाडात उन्हाळ्यात आपणही तेव्हाच दारं-खिडक्या उघडतो, म्हणून खेळाची वेळ हीच धरावी. खेळ झाल्यावर खिडकीशी एक स्टूल ठेवावं, समोर पारवे, चिमण्या, खाली रस्ता. फक्त जाळी लोखंडी हवी, पक्की बसवलेली. डासांसाठी लावलेली नायलॉनची जाळी नखांपुढे टिकत नाही.