ग्राफीन हवं, पण तांबं वाया न घालवता
घावन काढायचं म्हणून कुणी तवाच विरघळवतं का? ग्राफीन बनवताना मात्र बऱ्याचदा नेमकं हेच होतं.

लवचीक स्क्रीन आणि सेन्सरसाठी उपयोगी पडणारं ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. तांब्याच्या फॉइलवर साधारण १००० अंश सेल्सिअसला मिथेन वायू सोडला की हा थर तयार होतो. फॉइल असते सुमारे २५ मायक्रोमीटर जाड, म्हणजे ग्राफीनच्या जवळपास ७५ हजार पट! थर सुटा करायला ही अख्खी फॉइल फेरिक क्लोराइडसारख्या रसायनात विरघळवतात. तांबं तर जातंच, वर दूषित द्रावण उरतं.

यावर एक उपाय आहे बुडबुड्यांचा. ग्राफीनवर आधी प्लास्टिकचा पातळ लेप देतात. मग फॉइल द्रावणात बुडवून विजेच्या ऋण ध्रुवाला जोडतात. ग्राफीन आणि तांब्याच्या मध्ये हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि थर अलगद सुटतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ही पद्धत मांडली. तीच फॉइल पुन्हा भट्टीत वापरता येते.

पण बुडबुडे जोरात आले, तर ग्राफीन फाटतं आणि सगळी मेहनत फुकट. म्हणून वीज बेताने सोडण्यातच खरी बचत आहे.