जलद चार्जर धारेला आवर कसा घालतो?

समजा, सोलापूरच्या सात रस्ता चौकात विजेच्या मोटारींसाठी ६० किलोवॉटचा जलद चार्जर बसवला आहे. २ किलोवॉटचे ३० गीझर एकदम लावल्याएवढा हा भार! घरच्या सॉकेटवर मोटार चार्ज करताना प्रत्यावर्ती धारेची एकदिश धारा करणारा परिवर्तक मोटारीतच असतो. तो लहान असल्याने रात्रभर वाट पाहावी लागते. जलद चार्जरमध्ये हेच काम रस्त्याकडेच्या कपाटात होते आणि एकदिश धारा थेट बॅटरीला मिळते.

मात्र किती धारा सोसेल, हे बॅटरी ठरवते. धारा जास्त झाली तर लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातुरूपाने साचतात. क्षमता घटते, आत शॉर्टसर्किट होण्याचाही धोका असतो. थंडीत हे अधिक घडते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा चिंता उष्णतेची.

म्हणून मोटारीतील नियंत्रक क्षणोक्षणी धारेची मागणी नोंदवतो आणि परिवर्तकाने ती पाळायची असते. ती कशी पाळली जाते? परिवर्तकातील स्विच सेकंदाला ५०,००० वेळा उघडझाप करतो असे धरू; म्हणजे एक आवर्तन २० मायक्रोसेकंदांचे. आतला दाब ८०० व्होल्ट, बॅटरीचा ४००, तर स्विच निम्मा वेळ चालू हवा. मध्ये २०० मायक्रोहेन्रीचे वेटोळे असेल तर धारा दर मायक्रोसेकंदाला २ अँपिअरने चढते. १० मायक्रोसेकंदांत २० अँपिअर चढते, पुढच्या १० मध्ये तेवढीच उतरते.

खरी अडचण विलंबाची आहे. धारा मोजणे, हिशेब करणे आणि निर्णय अमलात येणे यात साधारण दीड आवर्तन जाते. तेवढ्या ३० मायक्रोसेकंदांत स्विच चुकून चालूच राहिला तर धारा ६० अँपिअरने चढेल! गीझरचे गरम पाणी उशिरा येते, म्हणून आपण नळ आणखी सोडतो आणि मग अंग भाजते. उतावळा नियंत्रकही असाच हेलकावे खातो. नुसती घाई वाढवून हे सुटत नाही. सुधारित नियंत्रक आधीच्या आज्ञेवरून धारा पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजावर निर्णय घेतो. सिलिकॉन कार्बाइडचे स्विच कमी तापत असल्याने आवर्तनही आखूड करता येते.

बॅटरी भरत आली की दाब मर्यादेला टेकतो. मग दाब स्थिर ठेवून धारा हळूहळू कमी करावी लागते. त्यामुळे ३० किलोवॉट-तासांची रिकामी बॅटरी या चार्जरवर अर्ध्या तासात पूर्ण भरत नाही.