म्हादई : एका नदीचीं दोन नांवें

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. मुखाशीं विशाल भासणारी नदी उगमाशीं एखाद्या ओहोळाएवढी निघावी आणि पाहणाराची श्रद्धा ओसरावी, ही भीति त्या म्हणीच्या मुळाशीं असावी. गोमंतकाच्या म्हादईपुरती मात्र ही म्हण मोडणेंच इष्ट आहे. कारण तिच्या मूळच्या पाण्याविषयींच तीन राज्यांत वाद चालू आहे.

पणजीचा धक्का आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तेथें जी रुंद, संथ मांडवी दिसते, तीच ही म्हादई. बेळगांव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यांत, देगांवच्या रानांत, तिचा उगम आहे. भीमगडच्या दाट अरण्यांतून वाट काढीत ती सह्याद्रि उतरते आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत येते. पुढें दूधसागराचें पाणी घेऊन येणारी खांडेपारची नदी आणि साखळीवरून वाहणारी वाळवंटी तिला मिळतात. तिचें सारें खोरें अवघें 2,032 चौरस किलोमीटरांचें. पैकीं 1,580 गोव्यांत, 375 कर्नाटकांत आणि 77 महाराष्ट्रांत.

आतां नांवांकडे वळूं. संस्कृतांतील ‘महादेवी’ प्राकृतांत ‘महादेई’ होते. ‘म्हादई’ हें तिचेंच घरगुती रूप. सरकारी कागदांत ‘महादयी’ असें लिहितात व वाचणारास त्यांत दया दिसते. परंतु रानांतल्या माणसानें दयेची नव्हे, देवीची हांक मारली होती. सत्तरींतील गांवांतून देवीच्या कांहीं जुन्या पाषाणमूर्तींवर नाव कोरलेली आढळते, ती या नात्याची साक्षच होय. उलट ‘मांडवी’ म्हणजे मालाची जकात घेण्याचें ठिकाण. याच नांवाच्या पेठा व बंदरें मुंबईस, रत्नागिरीस आणि कच्छांतहि आहेत. सारांश, डोंगरांत जी देवता, ती खाडींत व्यापाराची वाट झाली. नांव बदललें आणि पाणी एकच आहे याचा विसर पडला.

हा विसर महाग पडणारा आहे. मुखापासून सुमारें 50 किलोमीटर आंत, गांजेंपर्यंत, समुद्राच्या भरतीचा प्रभाव जाणवतो. पावसाळ्यांत डोंगरचें गोडें पाणी खारें पाणी मागें रेटतें. उन्हाळ्यांत तें काम अरण्यांत मुरलेल्या पाण्याच्या बारीक झिरप्यावर येऊन पडतें. हा झिरपा जितका क्षीण, तितका खारेपणा वर सरकणार. भीमगडचें व म्हादईचें अशीं दोन अभयारण्यें या खोऱ्यांत राखलीं आहेत, तीं केवळ वाघासाठीं नव्हत. खालच्या गांवांच्या विहिरीहि त्यांच्याच जिवावर आहेत.

कणकुंबीच्या पठारावर मलप्रभा उगम पावते आणि तेथून जवळच म्हादईला मिळणारा कळसा नालाहि निघतो. शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब. एक कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जातो, दुसरा पश्चिम समुद्रास. कळसा व भांडुरा या नाल्यांचें पाणी मलप्रभेंत वळवावें, ही कर्नाटकाची जुनी मागणी आहे. हुबळी-धारवाडची तहान खोटी नाहीं, हेंहि न्यायानें म्हटलें पाहिजे. 2010 मध्यें नेमलेल्या लवादानें 2018 च्या ऑगस्टांत निवाडा दिला. त्यानें कर्नाटकास 13.42, गोव्यास 24 व महाराष्ट्रास 1.33 अब्ज घनफूट पाणी ठरवून दिलें; कर्नाटकाच्या वांट्यापैकीं 3.9 अब्ज घनफूट मलप्रभेकडे वळविण्यासाठीं आहे. समाधान कोणाचेंच झालें नाहीं. तिन्ही राज्यें सर्वोच्च न्यायालयांत गेलीं.

घनफुटांचा हिशेब विद्वान् न्यायाधीश करतील. परंतु ज्या अरण्यानें पाणी धरून ठेवावयाचें, तेंच विरळ झालें तर वांटावयाचें काय? पणजीच्या धक्क्यावर उभें राहून मांडवी पाहणारानें एकदां तरी तिचें माहेरचें नांव उच्चारावें. नदीचें मूळ शोधल्यानें श्रद्धा ओसरते असें नाहीं. कधीं कधीं तेथेंच जबाबदारीचा उगम होतो.