वजन उसाचे वाढावे, आपले नव्हे

सभासद बंधू-भगिनींनो,

गळीत हंगामात आमचा दिवस बांधावरच जातो. जेवण चुकते, मग गाड्यावरची भजी आणि वस्तीवस्तीवर चहा. गेल्या हंगामाअखेर डॉक्टर म्हणाले, "साहेब, आठ किलो उतरवा. रक्तात साखर दिसाया लागलीय."

ऊसतोडीचा कार्यक्रम आखतो, मग पोटाचा का नको? आता रविवारी आम्ही उभयता आठवड्याची तयारी करतो. मटकी भिजवून मोड आणतो, जवसाची चटणी कुटतो, भाजी निवडून ठेवतो. मोडाची मटकी फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच टिकते, म्हणून बुधवारी दुसरी खेप भिजते. सकाळी फोडणी दिली, दोन भाकरी नि काकडी घेतली की डबा तयार.

चहाचेही गणित मांडले. दहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे रोज 80 ते 100 ग्रॅम साखर. ग्रॅमला 4 कॅलरी. कारखान्याच्या माणसाने हे सांगावे का, असे कोणी म्हणेल. पण सभासद धडधाकट, तर कारखाना धडधाकट.

चार महिन्यांत पाच किलो उतरले. तीन बाकी आहेत. तेव्हा वस्तीवर आलो तर चहा बिनसाखरेचा द्यावा, राग मानू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी