उदर महाधमनी : पोटातला महाकालवा

गंगापूर-वैजापूर परिसरातील वाचकांना कालव्याची रचना नव्याने सांगण्याची गरज नाही. नांदूर मधमेश्वर जलद कालव्याचे पाणी मुख्य कालव्यातून वितरिकांत, वितरिकांतून चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून शेतात पोहोचते. आपल्या पोटातही अशीच एक व्यवस्था अहोरात्र कार्यरत असते. तिचे नाव उदर महाधमनी.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली उतरते आणि छातीच्या बाराव्या मणक्यापाशी श्वासपटलामागून पोटात शिरते. कण्याला टेकून, मध्यरेषेच्या किंचित डावीकडून ती खाली जाते. तिची लांबी सुमारे १३ सेंटीमीटर आणि रुंदी अंगठ्याएवढी, म्हणजे सुमारे २ सेंटीमीटर असते. कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, बेंबीच्या किंचित खाली, ती दुभंगते. तेथून निघणाऱ्या दोन शाखा ओटीपोट व पाय यांना रक्त पुरवतात.

तिच्या पुढील बाजूने तीन एकेकट्या शाखा निघतात. पहिली जठर, यकृत व प्लीहा यांना रक्त देते. दुसरी लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा पहिला भाग पोसते. तिसरी उरलेले मोठे आतडे सांभाळते. स्वादुपिंडाला पहिल्या दोन्हींकडून रक्त मिळते. बाजूंनी निघणाऱ्या शाखा जोडीने असतात. त्यांतील वृक्क धमन्या विशेष महत्त्वाच्या. कारण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा शुद्धीकरणासाठी मूत्रपिंडांकडे जातो. वृषण वा बीजांडकोश यांच्या धमन्याही वृक्क धमन्यांच्या थोड्याच खालून निघतात. गर्भावस्थेत हे अवयव मूत्रपिंडांजवळच तयार होतात आणि पुढे खाली सरकताना आपली रक्तवाहिनी सोबत घेऊन जातात. मागील बाजूने निघणाऱ्या चार जोड्या कंबर व पाठीचे स्नायू पोसतात.

कालव्याचा भराव खचू लागला तर तो डोळ्यांना दिसतो. या धमनीची भिंत मात्र मुकाट्याने कमजोर होते. धूम्रपान, वाढते वय, उच्च रक्तदाब आणि आनुवंशिकता यांमुळे ती फुगू शकते. रुंदी ३ सेंटीमीटर वा अधिक झाली की तिला 'अ‍ॅन्युरिझम' म्हणतात. बहुधा काहीच दुखत नाही; आणि एके दिवशी फुगा फुटतो. थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइनस्टाइन यांचे १८ एप्रिल १९५५ रोजी याच कारणाने निधन झाले. १९४८ मध्ये शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुगलेल्या धमनीला सेलोफेनचे वेष्टन घातले होते. आज कृत्रिम नळी बसवून हा दोष दूर करता येतो. मात्र तो वेळेत कळायला हवा.

तो कळण्याचा मार्ग सोपा आहे. पोटाची साधी, वेदनारहित सोनोग्राफी पुरेशी ठरते. वयाची पासष्टी गाठलेल्या आणि आयुष्यात कधीही नियमित विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी ती एकदा अवश्य करून घ्यावी. घरात आई-वडील वा भावंडांना हा आजार झालेला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पोटात वा पाठीत अकस्मात तीव्र वेदना होऊन घेरी आली, तर मुतखडा समजून घरी थांबू नये. तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

ज्या वडीलधाऱ्यांनी कष्टाने आपल्याला वसतिगृहात ठेवून शिकवले, त्यांच्यातील अनेकांच्या खिशात विडीचे बंडल असे. शिकलेल्या मुलांनी त्यांना एकदा तपासणीला न्यावे. घेतलेल्या शिक्षणाचा याहून थेट उपयोग दुसरा कोणता?